शेवटच्या रांगेपर्यंत

एखाद्या नगरपालिकेतून जुन्या नाट्यगृहासाठी फोन येतो, तेव्हा कामांची यादी बहुधा तयार असते. खुर्च्या बदलायच्या, एसी बसवायचा, दर्शनी भिंत रंगवायची, बाहेरची पाटी मोठी करायची. मी यादी उतरवून घेते आणि व्यवस्थापकांकडे एकच गोष्ट मागते: कुठल्याही प्रयोगाची तारीख लागलेली नाही अशी एक सकाळ. त्या सकाळी पंखे बंद, एसी बंद, दारं बंद. रंगमंचावर एखाद्या कर्मचाऱ्याला उभं करायचं आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र साध्या बोलण्याच्या आवाजात वाचायला सांगायचं. आधी मध्यभागी, मग डाव्या विंगेजवळ, मग प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून. तेवढ्या वेळात मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत आणि बाल्कनीखालच्या कोपऱ्यांपर्यंत बसत जाते आणि नकाशावर खुणा करते.

खुणा बहुतेक वाक्यांच्या शेवटांच्या असतात. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरतो. कर्ता ऐकू आला, कर्मही आलं, आणि त्याने नेमकं काय केलं तेच हरवलं, अशा खुर्च्या प्रत्येक वाईट नाट्यगृहात सापडतात. ज्याने त्या खुर्चीचं तिकीट काढलं त्याला नाटक कंटाळवाणं वाटतं. तो नटाला दोष देतो, लेखकाला दोष देतो. इमारतीला दोष द्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

मी वास्तुविशारद आहे. वाचनालयं, नगरपालिकांची कार्यालयं, जुन्या शाळा अशा सार्वजनिक इमारतींची डागडुजी आणि नवी बांधकामं हे माझं रोजचं काम. त्यातलं सगळ्यांत जवळचं काम नाट्यगृहांचं, आणि त्याचं कारण घरातलं आहे. माझे बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. कोल्हापूर-सांगलीपासून कोकणापर्यंत कंपनीच्या दौऱ्यांवर गेले, की पिटात ऑर्गन लागल्यावर ते एक सूर धरायचे, सोडायचे आणि तो कसा विरतो ते ऐकत बसायचे. त्यांच्या वहीत गावागणिक शेरे असत. ‘आवाज खातं.’ ‘मागून परत येतो, लय सांभाळणे.’ ‘गाणं चढतं.’ लहानपणी मला ती वही गूढ वाटायची. वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला ध्वनीचा विषय आला तेव्हा लक्षात आलं, की त्या तीन शेऱ्यांमागे तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्ही मोजता येतात.

रंगमंचावरून निघालेला आवाज आपल्याकडे अनेक वाटांनी येतो. एक वाट सरळ, बाकीच्या छतावर, भिंतींवर, बाल्कनीच्या कडेवर आपटून. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपटून आलेला आवाज सरळ आवाजामागोमाग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोचला, म्हणजेच त्याला साधारण १७ मीटरपेक्षा कमी जादा अंतर पडलं, तर कान दोन्ही एकत्र करतो आणि शब्द भरदार लागतो. त्याहून फार उशीर झाला तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. म्हणून रंगमंचाजवळचं छत कडक आणि योग्य कोनात तिरकं हवं. तेच नटाचा आवाज मागे ढकलतं. मागची भिंत मात्र आवाज शोषणारी किंवा विखुरणारी हवी, नाहीतर तिच्यावर आपटलेला संवाद पुढच्या रांगांना दुसऱ्यांदा ऐकू येतो. बाबांचं ‘मागून परत येतो’ ते हेच.

दुसरी गोष्ट घुमण्याची. आवाज थांबल्यावर तो पूर्ण विरायला किती वेळ लागतो, हे मोजायची रीत वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने घालून दिली. १८९५ मध्ये त्याच्याकडे विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह सोपवण्यात आलं, जिथे बोललेलं काहीच कळत नव्हतं, कारण शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. या रात्रींमधून एक साधं सूत्र निघालं: दालनाचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज जास्त घुमतो, आणि आत शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका कमी. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल याच गणितावर उभं राहिलं. आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याची गणना होते.

या सूत्राने आपल्या नाट्यगृहाचा हिशेब मांडून पाहू. ८०० खुर्च्या, आणि माणशी ५ घनमीटर हवा, म्हणजे ४००० घनमीटर. गद्य नाटकाला घुमण्याचा काळ एक सेकंदाच्या आसपास असावा. त्यासाठी पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाचे साधारण ६४० चौरस मीटर लागतात. यातला निम्म्याहून अधिक वाटा प्रेक्षकांची शरीरं आणि कपडे उचलतात. प्रेक्षक हा इमारतीच्या बांधणीचाच भाग असतो, असं मी विद्यार्थ्यांना सांगते ते या अर्थाने. तालमीला मोकळं नाट्यगृह फार घुमतं आणि प्रयोगाला ते शांत होतं, हे प्रत्येक नटाला ठाऊक असतं. चांगल्या खुर्चीची गादी म्हणूनच अशी निवडतात, की खुर्ची रिकामी असतानाही ती माणसाइतकाच आवाज शोषेल. निविदेत मात्र खुर्चीचा रंग आणि कापडाची हमी लिहिलेली असते, हा गुण नसतो.

संगीत नाटकाला थोडं जास्त घुमणं मानवतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंद लागतात, तेवढं नको; पण सव्वा सेकंदाच्या आसपास तान अंगावर येते आणि पदातला शब्दही तुटत नाही. बाबांचं ‘गाणं चढतं’ मी इथे बसवते.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाचे तीन आकार आणि तीन मापं दिली आहेत. माणसांसाठी सुचवलेलं माप आहे ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात म्हणजे अदमासे दीड फूट. तेव्हा लांबी सुमारे २९ मीटर. त्यातला अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्यगृहाचा, अर्धा प्रेक्षकांचा. शेवटचा प्रेक्षक साडेचौदा मीटरवर. याहून मोठं बांधू नका, कारण आवाज फाटेल आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत, असं कारणही तिथे दिलेलं आहे. आजची पाठ्यपुस्तकं नटाचा चेहरा वाचता येण्याची मर्यादा २० मीटरच्या आसपास धरतात. दालन डोंगरातल्या गुहेसारखं असावं, खिडक्या लहान असाव्यात, वारा खेळू नये म्हणजे आवाजाला गांभीर्य येतं, असंही तो ग्रंथ सांगतो. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती क्रमवारी. आधी कान आणि डोळा, मग भिंती.

मराठी रंगभूमी वाढली ती ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं १८४३ मध्ये. दहा वर्षांत त्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात खेळ करत होती. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ ला ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हाही शेवटच्या माणसापर्यंत पद पोचवायचं काम गळा आणि इमारत यांनी मिळून केलं. आज रंगमंचाच्या कडेला मायक्रोफोन असतात आणि दोन्ही बाजूंना स्पीकर. नट उजवीकडे उभा असतो आणि त्याचा आवाज डावीकडच्या पेटीतून येतो. मला हे मनापासून खटकतं. माईकने इमारतीचे दोष झाकले जातात आणि मग ते दुरुस्त करायची निकड संपते. पुढच्या पिढीचा नट आवाज फेकायला शिकत नाही, कारण त्याने आवाज परत देणारी वास्तू कधी अनुभवलेलीच नसते.

जीर्णोद्धार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस येतं, आणि ते योग्यच आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलेलं हे नाट्यगृह १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं तेव्हा अजून अपुरंच होतं. पुढे तिथे नाटकं झाली, मग सिनेमे, आणि १९९३ मध्ये ते बंद पडलं. आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि पुढच्या वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. सोनेरी नक्षी आणि झुंबरं सगळे पाहतात. मी तिथे गेले की वरच्या सज्जात बसते आणि खालचं किती नीट ऐकू येतं ते तपासते.

आमची कामं याहून साधी. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह माझ्याकडे आलं, त्याचीच हकिकत सांगते. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. मधल्या काळात केव्हातरी छताखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचं सपाट खोटं छत टांगलेलं, भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर तैलरंग, खाली चकचकीत फरशी. गावाची तक्रार एकच: पूर्वी इथे खाकरलेलंसुद्धा ऐकू यायचं, आता माईक लावूनही कळत नाही. वयस्क प्रेक्षक आपल्याच कानांना दोष देत होते.

खोट्या छतात एक चौकोन कापून वर चढलो तर मूळ सागवानी फळ्यांचं छत जागेवर होतं. रंगमंचाजवळ खाली आणि मागे वर चढत जाणारं, दोन मोडींचं. ज्या कुणी ते बांधलं त्याला सॅबाइन माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ते छत आवाज थेट मागच्या रांगांवर टाकेल असं होतं. फळ्यांमागे हवेची पोकळी होती, त्यामुळे खालचे जाड सूर त्यात मुरत असणार. खोट्या सपाट छताने हे दोन्ही गुण बंद करून ठेवले होते. ते उतरवायचा निर्णय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात गावातली मंडळी काळजीत पडली, कारण त्यांच्या लेखी पांढरं सपाट छत म्हणजे सुधारणा होती आणि लाकूड म्हणजे जुनाट. मी निम्मं छत उतरवून घेतलं आणि गावातल्याच हौशी मंडळाच्या नटांना बोलावून दोन्ही भागांखालच्या खुर्च्यांवर लोकांना ऐकवलं. त्यानंतर वाद उरला नाही.

भिंतींचं काम जास्त कष्टाचं. दगड आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येते आणि भिंतीला लोणा धरतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर रंग सुटतो आणि दरवर्षी नवा रंग लागतो. आम्ही सिमेंट हातछिन्नीने काढलं. यंत्राने काढलं असतं तर दगडाचे कंगोरे गेले असते. मग चुन्याचा माणूस शोधायला निघालो. कळीचा चुना विझवून हौदात मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत दळायचा, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा किती घालायचा हे हातात असलेले गवंडी आता थोडे उरलेत. आम्हाला मिळाले ते सत्तरी ओलांडलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी हौदातला चुना बोटांवर घेऊन चोळला आणि म्हणाले, “बाई, हा अजून मुरला नाही. घाई असेल तर सिमेंटच लावा, मी घरी जातो.”

“घाई कंत्राटदाराला आहे, मिस्त्री. मला नाही.”

“मग त्यांना सांगा, भिंत त्यांचं ऐकत नाही.”

त्यांच्या हाताखाली गावातली चार पोरं तयार झाली, याचा मला त्या इमारतीइतकाच आनंद आहे. चुन्याचा गिलावा सिमेंट-तैलरंगाइतका कडक, गुळगुळीत नसतो, म्हणून उंच सुरांची धारही तो थोडी बोथट करतो. फार नाही, पण त्या दालनाला तेवढंच हवं होतं. फरशी फक्त चालायच्या पट्ट्यांवर ठेवली आणि त्यावरही जाजम टाकलं. मागच्या भिंतीला लाकडी पट्ट्या लावून मागे लोकरीसारखा खनिज पदार्थ भरला.

वातानुकूलनावर मात्र बराच झगडा झाला. नाट्यगृहात सगळं शांत असताना मागे उरणारा आवाज २५ डेसिबलच्या आसपास असावा. भिंतीवर टांगलेली यंत्रं त्याच्या कितीतरी वर जातात, आणि नट कुजबुजतो ते वाक्य ती खाऊन टाकतात. उपाय माहीत असलेला आहे: यंत्रं दालनापासून लांब, स्प्रिंगांवर बसवलेली, हवा वाहून नेणारे नळ रुंद, म्हणजे हवा सावकाश आणि निःशब्द येते. रुंद नळांना जागा लागते, जागेला पैसे लागतात, आणि काटछाट करायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा नळांवर पडते. मी दर्शनी कमान आणि बाहेरची रोषणाई सोडून दिली, नळ सोडले नाहीत. उद्घाटनाच्या फोटोंत नळ येत नाहीत. पण प्रयोगाच्या प्रत्येक शांततेत ते असतात.

प्रेक्षागृहावर खर्च होतो, पडद्यामागे होत नाही, हाही जुना आजार. दौऱ्यावर निघालेल्या नाटकाची बस आणि टेम्पो दुपारी पोचतात. सेटचे फ्लॅट उतरवायचं दार किती उंच, टेम्पोच्या फाळक्याच्या पातळीला फलाट आहे की चार पायऱ्या चढायच्या, तिथून रंगमंचापर्यंत काटकोनात वळण आहे का, यावर बॅकस्टेजच्या कामगारांच्या पाठी ठरतात. स्त्री कलाकारांची मेकअप रूम रंगमंचाच्या पातळीला, आतल्या स्वच्छतागृहासह हवी. इथे पाणी आहे, आतून कडी लागते आणि आरशावर चेहऱ्यासमोर दिवे आहेत, एवढ्या साध्या गोष्टींसाठी कलावंतांना जाहीरपणे बोलावं लागतं. चाकाच्या खुर्चीला उतार प्रेक्षकांच्या दाराशी असतो, कधीकधी. रंगमंचावर जायला मात्र नसतो. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस नटही असू शकतो, हे नकाशा काढताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्या नकाशात आता पहिला काढला जातो तो टेम्पोचा रस्ता.

नवी नाट्यगृहं बांधणाऱ्यांसाठी आपल्याजवळ तीन उत्तम शाळा आहेत. नरिमन पॉइंटचं टाटा थिएटर १९८० चं. वास्तुरचना फिलिप जॉन्सनची आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं. हजारावर खुर्च्या पंख्याच्या आकारात, आणि छत-भिंतींना असे पैलू, की ध्वनिक्षेपकाशिवायचं भारतीय संगीत मागेपर्यंत जावं. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ चं, वेद सेगन यांचं: सुमारे २०० माणसं तीन बाजूंनी रंगमंचाला बिलगलेली. तिथे उद्घाटनाला गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हिंदीत झालं होतं. शब्दांवरच उभं असलेलं ते नाटक अशाच अंतरावरून ऐकायचं. तिसरी शाळा पणजीला, कांपालला मांडवीच्या काठावर: चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी. रस्त्यावरून चालत आलेला माणूस इमारतीच्या पोटातून सरळ नदीपर्यंत जाऊ शकतो, तिकीट असो वा नसो. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यात बसलेली माणसं रंगवली. सार्वजनिक इमारत लोकांची कशी असावी हे मी तिथे शिकले.

त्याच अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण चालू असताना कोसळलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्या घटनेच्या कारणांत मी जात नाही. पण काँक्रीटच्या इमारतींना आपण वारसा मानायला फार उशीर करतो, हे बोललं पाहिजे. शंभर वर्षांच्या दगडी भिंतीपेक्षा पन्नास वर्षांचं काँक्रीट अनेकदा जास्त नाजूक असतं. खाऱ्या हवेतला क्षार आतल्या सळईपर्यंत पोचला की सळई गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. बाहेरून गिलावा मारला की फुटणं दिसत नाही. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला उघडलं. ते पाडून नवं बांधायचं की आहे तेच जपायचं यावर पुण्यात पुष्कळ वाद झाला आहे. माझं मत जपण्याच्या बाजूचं आहे, आणि कारण भावनेचं नाही: चालतं-बोलतं, नटांच्या सवयीचं झालेलं दालन पुन्हा तसंच बांधता येईल अशी खात्री कुठलाही प्रामाणिक वास्तुविशारद देऊ शकत नाही, जोवर त्याच्या आवाजाची मोजमापं हाताशी नसतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण केलेलं हे पॅलेस थिएटर खासबाग मैदानाला लागून आहे. एका भिंतीपलीकडे कुस्ती, अलीकडे संगीत नाटक. केशवरावांचं नाव त्याला १९५७ मध्ये मिळालं. आगीत छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या. कोल्हापूरचे कलावंत जळक्या वास्तूसमोर उभे राहून रडले, आणि दूरवर बसून ती दृश्यं पाहताना माझीही तीच अवस्था होती. बाबांच्या वहीत या नाट्यगृहापुढे दोन ओळी आहेत, इतर कुठल्याही गावापुढे एकीहून जास्त नाही.

अशी वेळ व्हेनिसवर २९ जानेवारी १९९६ ला आली. ला फेनिचे हे अठराव्या शतकातलं ऑपेरागृह आगीत खाक झालं. होतं तसं, होतं तिथेच बांधायचं, असं शहराने ठरवलं, आणि आल्दो रॉस्सीच्या आराखड्याप्रमाणे ते २००३ मध्ये पुन्हा उघडलं. छायाचित्रांवरून नक्षी परत काढता येते. आवाज छायाचित्रात नसतो. पण लाम्बेर्तो त्रोन्किन आणि आंजेलो फारिना या संशोधकांनी आगीच्या थोडंच आधी त्या दालनाच्या ध्वनीची तपशीलवार मोजणी करून ठेवली होती. म्हणून नवं दालन जुन्यासारखं बोलतं का, हे पडताळायला काही आधार राहिला. आपल्या किती नाट्यगृहांजवळ असा कागद आहे?

ही मोजणी अवघड नाही, आणि मी ती आता प्रत्येक कामाआधी करते, काम मिळो वा न मिळो. रिकामं दालन, पंखे-एसी बंद. रंगमंचावर नट उभा राहतो त्या दोन-तीन जागांवर, डोक्याच्या उंचीला, मोठा फुगा फोडायचा. नीट सोय असेल तर स्पीकरवरून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा एक लांब आवाज सोडायचा. प्रेक्षागृहात ठरवलेल्या खुर्च्यांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, रेकॉर्डर ठेवायचा. कुठली खुर्ची, रेकॉर्डर कोणता, पडदा वर की खाली, दारं उघडी की बंद, सगळं लिहायचं. ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल दाबून लहान न करता तशीच ठेवायची. जमलं तर प्रयोगाच्या दिवशी, तिसऱ्या घंटेच्या आधी, भरलेल्या घरात हेच पुन्हा करायचं. व्यवस्थापकांनी दोन शब्दांत कारण सांगितलं तर प्रेक्षक मनापासून साथ देतात, असा माझा अनुभव आहे. त्या दालनात वर्षानुवर्षं काम केलेल्या नटांची, साथीदारांची, डोअरकीपरची तोंडी माहितीही सोबत जोडायची: कुठे उभं राहिलं की आवाज लागतो, कुठली रांग नेहमी तक्रार करते. प्रत एक नगरपालिकेत, एक गावच्या वाचनालयात, एक जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयात.

विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या यंदा माझ्याबरोबर या कामाला लागल्या आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे आधी घेतले. त्यातही ज्यांच्या नूतनीकरणाच्या निविदा निघण्याच्या बेतात आहेत त्या इमारती सर्वांत आधी, कारण खोटं छत टांगलं गेलं, की त्याआधीचा आवाज मोजायची संधी जाते. तुमच्या गावात असं नाट्यगृह असेल, तर तारीख नसलेली एक सकाळ व्यवस्थापकांकडून मागून ठेवा. रेकॉर्डर घेऊन आम्ही येतो.